पेट्रोल नेमकं जातं कुठे?

आमच्या सोसायटीत कोणाची नवी गाडी आली की पेढा हातात पडायच्या आधीच प्रश्न येतो, "किती देते?" माझ्या गाडीबद्दल कोणी असं विचारलं की मी उलट विचारते, "कुठे?" कारण माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक मुलुंड ते पार्ले जाताना लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. तीच गाडी, त्याच पंपाचं पेट्रोल भरून कळंबोलीच्या पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ८० च्या आसपास ठेवली तर विसाच्या वर जाते. काटा १०० वर नेला की सतरावर येते. इंजिन तेच आणि चालवणारीही मीच. मग मधलं पेट्रोल जातं कुठे, हा प्रश्न मला मनापासून आवडतो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि अकरावीच्या मुलांना गतिज ऊर्जा शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

मी नोंद ठेवते ती साध्या पद्धतीने. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वर "अजून थोडं बसेल मॅडम" म्हणून भरू द्यायचं नाही. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि गेलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीवरून काही ठरवायचं नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी धरायची. डॅशबोर्डवरचा आकडा बघायला हरकत नाही, पण हिशेब वहीचाच.

आणि हो, पहाटे पेट्रोल थंड असतं म्हणून जास्त मिळतं, असं आमच्या मजल्यावरचे काका दर उन्हाळ्यात सांगतात. पेट्रोल तापलं की प्रसरण पावतं हे खरं आहे, एका अंशाला साधारण ०.१ टक्का. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारमध्ये फारसं हलत नाही. काकांना मी हे सांगितलं आहे. ते अजूनही सकाळी सहालाच जातात, आणि निदान त्या वेळी रांग नसते हा फायदा खराच आहे.

कंपनी जाहिरातीत जो आकडा देते तो खोटा नसतो, फक्त तो मुंबईचा नसतो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो, आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे गाडी पळवली-थांबवली जाते. त्या आराखड्यात वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. त्यावरून आपल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधू नये.

आता शहराकडे वळते. पेट्रोल अंतराला लागतं असं आपण धरून चालतो, आणि इथेच सगळा घोळ होतो. सपाट रस्त्यावर, वारा आणि घर्षण नसेल तर एकदा वेग घेतलेल्या गाडीला पुढे जायला काहीच लागत नाही. न्यूटनचा पहिला नियम हेच सांगतो. पेट्रोल लागतं ते वाऱ्याला बाजूला सारायला, टायरच्या दबण्या-फुगण्यात जे वाया जातं ते भरून काढायला, इंजिन नुसतं फिरत ठेवायला, चढ चढायला आणि वेग निर्माण करायला. मुंबईत यातला शेवटचा खर्च बाकीच्यांना झाकून टाकतो, कारण आपण वेग निर्माण करतो आणि दोनशे मीटरवर ब्रेक दाबून तो नष्ट करतो. ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जाते.

मुलांकडून मी हे गणित करून घेते. गाडी आणि मी मिळून साधारण एक टन. ताशी ५० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केला की ९६ किलोज्यूलच्या आसपास येतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३२ किलोज्यूल. तेव्हा ५० चा वेग घ्यायला तीन मिलिलिटर पेट्रोल पुरायला हवं. पण शहरात इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा भाग चाकांपर्यंत पोहोचवतं, बाकी धूर आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्षात लागतात पंधरा मिलिलिटर. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे थांबलेली गाडी एकदा ५० पर्यंत नेण्याची किंमत दीड रुपया होते. आणि ६० पर्यंत नेली तर? वेग एक पंचमांशाने वाढला, पण त्याचा वर्ग होतो, म्हणून खर्च ४४ टक्क्यांनी वाढतो. सव्वादोन रुपयांच्या आसपास. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना त्याच्याकडे ६० ने धावत जायचे हे सव्वादोन रुपये.

हे गणित फळ्यावर झालं की वर्गात एक शांतता येते, आणि मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मग रोज किती जातात?" ते त्यांनी आपापल्या रस्त्याचं मोजून यायचं असतं.

माझ्या रस्त्याचं सांगते. मी कॉलेजला आठवड्यातून दोन-तीन दिवस गाडीने जाते, प्रॅक्टिकलच्या वह्या किंवा सामान असेल तेव्हा. एरवी लोकल. मुलुंडहून एलबीएस मार्ग, मग गांधीनगरचा नाका, तिथून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) पवई, आयआयटी, सीप्झ, आणि जोगेश्वरीला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चं काम किती वर्षं चाललं आहे हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. बॅरिकेडमुळे रस्ता मध्येच अरुंद होतो, मध्येच मोकळा. मोकळा झाला की सगळेजण रेस देतात आणि पुढच्या बॅरिकेडला सगळेजण ब्रेक मारतात. मी तिथे पुढच्या गाडीकडे न बघता तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे बघते. लांबवर लाल दिवे पेटले की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, गिअर तसाच ठेवायचा. आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की संगणक इंजेक्टर बंदच करतो. म्हणजे त्या पन्नास-शंभर मीटरमध्ये एक थेंबही जळत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. बाजूची रिक्षा तेवढ्यात पुढे घुसते. घुसू दे. ती आणि मी पुढच्या सिग्नलला शेजारीच उभ्या असतो.

याचा अर्थ गोगलगायीसारखं चालवायचं असा नाही. दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत राहिलं तर इंजिन जास्त फेरे मारतं आणि पेट्रोल इंजिनाला तसं अर्धवट उघड्या थ्रॉटलवर चालणं सर्वांत महाग पडतं. बेताचा पिकअप घ्यायचा, दोन-अडीच हजार आरपीएमला वरचा गिअर टाकायचा आणि मग वेग स्थिर ठेवायचा. खरी बचत आहे ती ब्रेकमध्ये. एखादा माणूस पेट्रोल वाचवत चालवतो की नाही हे मी तो ब्रेक किती वेळा दाबतो त्यावरून ओळखते.

उभ्या गाडीचाही खर्च आहे. माझ्यासारख्या गाडीचं इंजिन जागेवर चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर जळतं, एसी चालू असेल तर वरच्या बाजूला. दोन मिनिटांच्या लाल सिग्नलला वीस मिलिलिटर, म्हणजे दोन रुपये. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं फायद्याचं, कारण पुन्हा सुरू करायला आताच्या गाड्यांना फार थोडं लागतं. मे महिन्याच्या दुपारी, गाडीत आई मागे बसलेली असताना मी बंद करत नाही. पेट्रोलपेक्षा तिला घेरी येऊ नये हे महत्त्वाचं. पण लहान वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर टोल माफ झाला तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर ऐरोली आणि मुलुंडच्या नाक्यांवर रांगेत उभ्याउभ्या जळणारं पेट्रोल वाचलं याचा.

वेग वाढला की पेट्रोल वाढतं, हा नियम शहरात कसा उलटतो ते कोस्टल रोडवर दिसतं. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. सरळ रस्त्यावर वेगमर्यादा ८०, बोगद्यात ६०. पूर्वी पार्ल्याहून चर्चगेटला जायचं म्हणजे सी लिंक उतरल्यावर वरळी, हाजी अली, पेडर रोड असे सिग्नलमागून सिग्नल. आता तेच अंतर एका लयीत जातं. सरासरी वेग दुपटीहून वाढला आणि पेट्रोल मात्र कमी लागतं, कारण वेग एकदाच निर्माण केला आणि तो टिकवला. अटल सेतूवरही तेच. शिवडीहून चढलं की जवळपास २२ किलोमीटर मध्ये कोणी थांबवत नाही.

पण अटल सेतूची मर्यादा १०० ची आहे, आणि तिथून दुसरा हिशेब सुरू होतो. वाऱ्याचा.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. टायरचा अडथळा मात्र वेगाने फारसा बदलत नाही. माझ्यासारख्या हॅचबॅकचं ढोबळ गणित मांडलं तर ताशी ६० ला हवा आणि टायर जवळपास सारखीच ताकद मागतात. १०० ला हवा टायरच्या पावणेतीन पट मागते. ८० वरून १०० वर गेलं की नुसता हवेचा वाटा ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि दोन्ही धरून गाडीला ढकलायला लागणारी ताकद तिसऱ्या हिश्श्याने. १०० वरून १२० वर गेलं की पुन्हा तेवढीच भर. इंजिन जास्त भारावर थोडं अधिक कार्यक्षम चालतं, म्हणून पेट्रोलचा खर्च नेमका तेवढाच वाढत नाही. माझ्या वहीत ८० आणि १०० मधला फरक विसाच्या वर आणि सतरा असा दिसतो, तो यामुळेच.

मग अगदी ४० ने का जाऊ नये? कारण इंजिनाचा स्वतःचा खर्च असतो. तो तासावर चालतो, किलोमीटरवर नाही. फार हळू गेलं की प्रत्येक किलोमीटरवर तो जास्त बसतो. दोन्ही खर्चांची बेरीज सर्वांत कमी होते ती साधारण ताशी ५० ते ७५ मध्ये, वरच्या गिअरमध्ये. पीसीआरए या सरकारी इंधनबचत संस्थेच्या पत्रकांवर अनेक वर्षं ४५ ते ५५ चा सल्ला असतो, तो जुन्या चार गिअरच्या गाड्यांना जास्त लागू होता असं मला वाटतं. आणि हा विषय नवा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये कायदा करून साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती, ती निव्वळ पेट्रोल वाचवण्यासाठी. १९९५ मध्ये ती रद्द झाली.

द्रुतगती मार्गाचं माझं गणित असं. कळंबोली ते खालापूर टोलनाका साधारण ३० किलोमीटर सपाट आहे. ८० ने साडेबावीस मिनिटं, १०० ने अठरा. साडेचार मिनिटं वाचतात आणि त्यासाठी पाव लिटर जास्त जातं, म्हणजे मिनिटाला सहा रुपये. माझा भाचा म्हणतो, "मावशी, सहा रुपयांत एक मिनिट मिळत असेल तर मी घेईन." त्याचं म्हणणं मला मान्य आहे. कोणाला दवाखान्यात पोहोचायचं असतं, कोणाची मुलाखत असते. माझं एवढंच म्हणणं की किंमत माहीत असावी, आणि १०० ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. हळू जायचं असेल तर उजव्या लेनमध्ये रेंगाळू मात्र नये, मधली लेन आपली.

पुढे खंडाळ्याचा घाट, म्हणजे बोरघाट. खोपोलीपासून वर पाचशे-साडेपाचशे मीटर चढायचं. तिघं माणसं आणि सामान धरून सव्वा टन गाडी तेवढी उचलायची तर पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, मग तुम्ही कसंही चालवा. घाटात वेगमर्यादा ६० आहे आणि तिथे वाऱ्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, नुसतं वजन. डिकीत वर्षभर पडलेलं सामान घाटाआधी काढायला हवं ते यासाठी. सपाटीवर पंचवीस किलो जास्त असले तर फारसं काही बिघडत नाही.

उतरताना मात्र एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचतं म्हणून अनेकजण करतात, चांगले जुने ड्रायव्हरसुद्धा. कार्बुरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आता उलट आहे. गिअरमध्ये पाय काढून उतरलं तर इंजेक्टर बंद, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला चालू ठेवावं लागतं, म्हणून ते पेट्रोल पितं. वर इंजिनाचा ब्रेक हातचा जातो, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि एका वळणावर धरत नाहीत. बोरघाटात अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होतात ते असेच. घरातल्या शिकाऊ मुलांना तिसरा गिअर, दुसरा गिअर टाकून उतरायला शिकवा.

टायरमधली हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरावी. शहरात कमी वेगाला काचा उघड्या चालतील, ८० च्या पुढे काचा बंद करून एसी बरा. छतावरचा कॅरिअर नको असेल तेव्हा काढून ठेवावा, तो १०० च्या वेगाला चांगलाच महाग पडतो. एवढं पुरे, कारण मला इंधनावर यायचं आहे.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे, ई२०. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. कोणी म्हणतं एव्हरेज पाच टक्के पडलं, कोणी म्हणतं पंचवीस. इथेही गणित मदतीला येतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये ३२. म्हणजे एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी होते. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून एकदम ई२० वर आलेलो नाही. २०२२ मध्येच देशात सरासरी दहा टक्क्यांचं मिश्रण गाठलं होतं. दहावरून विसावर येताना ऊर्जेत पडलेला फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ई२० वर सहा-सात टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्यांना एक-दोन टक्के घट धरली आहे. तेव्हा ज्यांचं एव्हरेज पंचवीस टक्क्यांनी पडलं त्यांनी टायर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग बघून घ्यावेत. सगळं इथेनॉलवर ढकललं तर खरा दोष तसाच राहील.

पण सहा टक्के म्हणजे काही नाही, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हजार रुपयांच्या पेट्रोलमागे साठ रुपये हा खर्चच आहे. माझी गाडी २०१९ ची, बीएस-४ या जुन्या प्रदूषण निकषांची. तिच्या मॅन्युअलमध्ये ई२० चा उल्लेख नाही, आणि इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या-सीलना बाधू शकतं. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी मी मिस्त्रींना फ्युएल लाइन मुद्दाम बघायला सांगते. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला पैसा मिळावा, बाहेरून तेल कमी आणावं लागावं, हे हेतू मला पटतात. माझं माहेर साताऱ्याकडचं, ऊस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण लिटरमधली ऊर्जा कमी झाली तर लिटरचा भावही त्या प्रमाणात कमी व्हायला हवा, आणि जुन्या गाड्यांसाठी ई१० ची एक नोझल पंपावर असायला हवी. ब्राझीलमध्ये जवळजवळ शुद्ध इथेनॉल वेगळ्या नोझलला मिळतं, आणि तिथले लोक तोंडी हिशेब करतात: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. ऊर्जेचं प्रमाण सामान्य माणसाच्या खिशाशी असं थेट जोडलेलं असणं मला फार न्याय्य वाटतं.

इथेनॉलचा एक खरा गुण म्हणजे त्याचा ऑक्टेन आकडा मोठा असतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू नये, ठोका येऊ नये, याची ती क्षमता. जास्त दाबाची, टर्बोची इंजिनं तिचा उपयोग करून घेतात. माझ्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे ९१ ऑक्टेन पुरतं, तिच्यात ९५ किंवा १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल घालून एव्हरेज वाढत नाही. पंपावर "प्रीमियम टाकू का ताई?" असं विचारलं की मी साधंच म्हणते. ज्यांच्या मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलं आहे त्यांनी मात्र जरूर घालावं.

डिझेलबद्दल थोडक्यात. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त आणि इंजिनही जास्त कार्यक्षम, म्हणून एव्हरेज मोठं. पण २०२० च्या बीएस-६ नंतर छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळपास गेल्या. ज्या मोठ्या उरल्या त्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग धाव लागते. नुसतं भांडुप-घाटकोपर करणाऱ्याने डिझेल घेऊ नये.

उरला सीएनजी. मुंबईला तो नवा नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्यावर आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेलेल्या पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत सिलिंडरच असायचा, बॅगा वरच्या कॅरिअरवर. माझ्या दादाने भांडुपला कंपनी-फिटेड सीएनजी घेतली आणि घरी येऊन म्हणाला, "बघ, किलोला सव्वीस देते, तुझी किती देते?" मी म्हटलं, "दादा, किलो आणि लिटर एका तराजूत घालू नकोस." एक किलो सीएनजीत ४८ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे लिटरभर पेट्रोलच्या दीडपट. त्याचे सव्वीस म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात माझे सतरा-साडेसतरा. इंजिन काही चमत्कार करत नाही. उलट गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो म्हणून ताकद थोडी कमीच, घाटात एक गिअर खाली टाकावा लागतो, आणि टाकीचं वजन आहेच.

फायदा आहे तो भावात. दीडपट ऊर्जेचा किलो मुंबईत लिटरभर पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळतो. शहरात माझा पेट्रोलचा खर्च किलोमीटरला आठ रुपयांच्या आसपास, दादाचा जवळपास निम्मा. त्यासाठी तो पहाटे किंवा रात्री उशिरा पंपावर जातो, रांगेत उभा राहतो, भरताना सगळ्यांना खाली उतरवतो आणि प्रेशर कमी असेल तर अर्धवट भरलेल्या टाकीवर परततो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करावी लागते.

मी नवी गाडी घेताना सीएनजी घ्यावी का, हे आम्ही दोघांनी वही घेऊन बसून काढलं. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि सीएनजी गाडीत तेव्हा साधारण नव्वद-पंच्याण्णव हजारांचा फरक पडत होता. किलोमीटरला साडेतीन-चार रुपये वाचले तर तो फरक भरून निघायला पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास चालवावी लागेल. दादा तेवढं दीड वर्षात करतो, त्याचा निर्णय अगदी बरोबर. माझं वर्षाचं चालवणं सात हजारांच्या आसपास, म्हणजे साडेतीन वर्षं रांगा लावून मग कुठे बरोबरी. त्यापेक्षा मला पुढची गाडी हायब्रिड घ्यावीशी वाटते, कारण ती ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी ऊर्जा थोडीफार बॅटरीत परत घेते, आणि माझं पेट्रोल जेव्हीएलआरवर जातं ते तिथेच. किंमत अजून मला परवडण्यासारखी नाही. तोवर ही २०१९ ची गाडी, टायरमध्ये बरोबर हवा, साधं पेट्रोल, आणि सामान नसेल त्या दिवशी ७.१२ ची लोकल.